वर्गात स्टँडिंग डेस्क आणताना या चुका टाळा

आपल्या शाळांमध्ये ‘उभा राहा’ हे शब्द मुलांनी पिढ्यान् पिढ्या शिक्षा म्हणूनच ऐकलेले आहेत. गृहपाठ राहिला, पाढा अडला किंवा शेजाऱ्याशी बोलताना सापडले, की जागेवर, बाकावर नाही तर दाराबाहेर उभे राहायचे. त्यामुळे मुलांचे बसणे कमी व्हावे म्हणून वर्गात स्टँडिंग डेस्क, म्हणजे उभ्याने लिहिता-वाचता येईल असे उंच टेबल, आणताना होणारी पहिली चूक फर्निचरची नसते, ती या अर्थाची असते. कोरेगाव तालुक्यातील एका शाळेसाठी आम्ही गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अशी चार टेबले करून घेतली होती. पहिल्याच आठवड्यात गप्पा मारणाऱ्या दोन मुलांना ‘जा, त्या उंच टेबलापाशी उभे राहा’ असे सांगितले गेले आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिकडे कोणी आपणहून फिरकले नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केलेली आहे; पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या जागेला शिक्षेचा वास लागला ती जागा मुलाला आपली वाटत नाही. आम्ही पुढे बाकांच्या रांगेप्रमाणे क्रम लावला, शिक्षकांनी स्वतः त्या टेबलापाशी उभे राहून वह्या तपासायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मुलांचा संकोच गेला. आपला क्रम आला असताना एखादे मूल ‘आज नको’ म्हणाले, तर त्याला चारचौघांत कारण विचारू नये. मासिक पाळीचा त्रास होणारी मुलगी किंवा नुकतेच तापातून उठलेले मूल ते कारण सांगू शकत नाही, आणि त्याला ते सांगावे लागू नये.

दुसरी चूक अधिक खोल आहे. बसणे वाईट, म्हणून उभे राहणे चांगले, असे सरळ गणित अनेकजण मांडतात आणि पूर्ण तासिकाभर मुलांना उभे ठेवतात. निश्चल उभे राहणे हेही शरीराला कष्टाचेच असते. पोटऱ्यांचे स्नायू हलले नाहीत, तर पायांतील रक्त वर ढकलले जाण्यास मदत मिळत नाही, ते खाली साचू लागते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा घटतो. उपाशीपोटी शाळेत आलेले मूल परिपाठाच्या वेळी रांगेत चक्कर येऊन पडते, त्यामागे बहुधा हेच घडलेले असते. म्हणून हेतू उभे करण्याचा नाही, सलग बसणे मोडण्याचा आहे. सुरुवातीला दहा मिनिटे, सवय झाल्यावर पंधरा ते वीस मिनिटे, म्हणजे साधारण अर्धी तासिका, एवढे पुरते. टेबलाखाली जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर एक आडवी नळी जोडून घ्यावी, म्हणजे मुलाला एक पाय त्यावर ठेवता येतो, मग पाय बदलता येतो, आणि उभे राहणे आपोआप हलते राहते. अमेरिकेत टेक्सासमध्ये या विषयावर बरेच काम झाले आहे. तिथल्या वर्गांत उंच टेबलासोबत उंच स्टूल आणि पाय ठेवण्याची दांडी दिलेली होती, म्हणजे बसण्याची मुभा काढून घेतलेली नव्हती. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या प्राथमिक शाळांत तर सगळा वर्ग न बदलता मोजकीच टेबले ठेवून मुलांना आळीपाळीने ती वापरायला दिली. कमी खर्चाची ही रीत आपल्याला अधिक जवळची आहे.

पैसे मात्र सर्वांत जास्त वाया जातात ते उंचीत. पाचवीच्या एकाच वर्गात १२५ सेंटिमीटरचे मूलही असते आणि १५० सेंटिमीटरचेही. उभ्या माणसाचे कोपर साधारणपणे त्याच्या उंचीच्या ६२ ते ६३ टक्के उंचीवर येते, आणि लिहिण्याचे टेबल कोपराच्या आसपास असावे लागते. म्हणजे पहिल्या मुलाला सुमारे ७८ सेंटिमीटरचे टेबल हवे आणि दुसऱ्याला सुमारे ९४ चे. सगळी टेबले एकाच मापाची केली, तर अर्ध्या मुलांना ती त्रासच देतात. चौकोनी पाइपात पाइप सरकवून भोके पाडली आणि बोल्टने उंची पक्की केली, तर कोणत्याही वेल्डिंगवाल्याला हे काम जमते. तेवढेही नको असेल, तर ७८, ८६ आणि ९४ सेंटिमीटर अशा तीन ठरावीक उंचींची टेबले करून त्यांना वेगवेगळे रंग द्यावेत. मुलांची उंची जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजावी, कारण या वयात ती झपाट्याने वाढते. मूल लिहिताना खांदे वर उचलत असेल, तर टेबल उंच आहे. पाठीला पोक काढून वहीवर वाकत असेल, तर ते ठेंगणे आहे. उंची योग्य असूनही मूल दोन्ही कोपरे टेकून सगळा भार टेबलावर टाकत असेल, तर ते दमले आहे, त्याला बसू द्यावे.

टेबल डुगडुगते, ही तक्रार हमखास येते आणि त्यात दोष बहुधा टेबलाचा नसतो. जुन्या वर्गांतील शहाबादी फरशी सपाट नसते आणि उंची वाढली की थोडेसे डुगडुगणेही मोठे जाणवते. पायांना नुसती रबरी बुचे न बसवता खालीवर करता येणारे बोल्ट बसवावेत आणि पायांमधील अंतर वरच्या फळीपेक्षा किंचित जास्त ठेवावे. याच फरशीची दुसरी बाजूही आहे. अनेक शाळांत मुले चपला दाराबाहेर काढतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी त्या गार दगडावर अनवाणी उभे राहणे सुखाचे नसते. टेबलाखाली जाड रबरी मॅट, निदान घडी घातलेले गोणपाट तरी असावे. ते घसरत नाही ना, एवढे पाहावे.

टेबले पुढे ठेवू नयेत, मागच्यांना फळा दिसत नाही. बाजूच्या भिंतीलगत किंवा मागच्या रांगेत ती ठेवावीत, मात्र दूरचे कमी दिसणाऱ्या मुलाला मागे पाठवू नये.

याने मुलांचे वजन उतरेल, असे सांगून पालकांकडून वर्गणी घेऊ नये. प्रौढांवरील अभ्यासांत बसण्यापेक्षा उभे राहिल्याने मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होते असे दिसले, म्हणजे तासाला जेमतेम ९ किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस केली आहे, आणि ती उंच टेबलापाशी उभे राहून पूर्ण होत नाही, मैदानावरच होते. ‘आता वर्गातच मुले उभी असतात’ म्हणून खेळाचा तास गणिताला देणे ही या साऱ्यातील मला सर्वांत दुःखदायक वाटणारी चूक आहे.

सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या पहिली-दुसरीच्या वर्गासाठी ही टेबले घेण्याची घाई करू नये; हाताचा टेकू न घेता जमिनीवरून उठणे आणि पुन्हा बसणे हाच त्यांचा चांगला व्यायाम आहे आणि तो दर तासाला सहज घडवता येतो. जावळी आणि पाटणच्या डोंगरी वस्त्यांवरून चालत येणारी मुले शाळेत पोहोचतात तेव्हा त्यांचे पाय आधीच दमलेले असतात. त्यांना पहिल्या तासिकेत निवांत बसू द्यावे आणि उंच टेबलाचा त्यांचा क्रम दुपारच्या पोषण आहारानंतर, डोळ्यांवर झापड येऊ लागते त्या वेळी लावावा.