जुना फोनो प्रिॲम्प: दुरुस्ती कुठवर करावी आणि कधी बदलावा

रेकॉर्डवरून सुई जो विद्युत संकेत उचलते, तो अतिशय क्षीण असतो. सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज; सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात, तर तारेचे वेटोळे हलणाऱ्या मूव्हिंग कॉइलच्या बहुतेक कार्ट्रिजमधून अर्धा मिलिव्होल्टही मिळत नाही. फोनो प्रिॲम्प हा संकेत पहिल्या प्रकारात सुमारे शंभर पट आणि दुसऱ्या प्रकारात हजार पटींच्या आसपास वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना मुद्दाम दाबलेला खर्ज आणि मुद्दाम चढवलेले वरचे स्वर तो पुन्हा मूळ प्रमाणात आणतो. हे प्रमाण ठरवणाऱ्या, १९५४ साली रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास १७ डेसिबलने वाढवला जातो, आणि आपल्याकडची वीज नेमकी ५० हर्ट्झची आहे. प्रिॲम्प म्हातारा होऊ लागला की आधी घुमणे ऐकू येते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पेटी उघडण्याआधी दोष खरोखर प्रिॲम्पमध्येच आहे याची खात्री करून घ्यावी. ॲम्प्लिफायर बंद करून टर्नटेबलकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या पिना प्रिॲम्पच्या मागे अदलाबदल करून लावाव्यात. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर तो कार्ट्रिज, हेडशेल (कार्ट्रिज बसवायची पट्टी) किंवा वायरमध्ये आहे. तो जागचा हलला नाही, तर हीच अदलाबदल प्रिॲम्पच्या आउटपुटला करावी, आणि आता तो हलला तरच प्रिॲम्पला दोष द्यावा. या तपासणीसाठी जुनी मोनो एलपी सर्वांत चांगली, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना एकच संकेत असतो. त्यातही संथ ख्यालाची असेल तर तानपुरा अखंड वाजत राहतो आणि आवाज किंचित जरी एका बाजूला झुकला तरी कानाला लगेच कळते. माझ्या प्रिॲम्पचा उजवा चॅनेल अर्ध्या तासाने हळूहळू बसू लागला होता, तो मला अशाच एका रेकॉर्डवर सापडला.

घुमण्याचेही दोन प्रकार ओळखता यायला हवेत. मऊ, खोल आणि टर्नटेबलच्या धातूला हात लावताच कमी-जास्त होणारा आवाज बहुधा अर्थिंगचा असतो, आणि त्यावर अर्थची बारीक वायर घासून पुन्हा घट्ट आवळणे एवढाच इलाज पुरतो. जरा खरखरीत, वरच्या पट्टीतला, १०० हर्ट्झचा आवाज मात्र वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटर सुकल्याचे लक्षण आहे, कारण एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर ५० हर्ट्झच्या दुप्पट लहर उरते आणि ती गाळण्याचे काम हे कपॅसिटर करतात. एका आरसीए पिनेत (टर्नटेबलच्या वायरला असते तशी गोल ऑडिओ पिन) मधला आणि बाहेरचा भाग तारेने जोडून ती इनपुटला लावावी. तरीही आवाज राहिला तर तो प्रिॲम्पच्या आतूनच येतो आहे.

पेटी उघडायची झाल्यास प्लग भिंतीतून काढून काही मिनिटे थांबावे, मोठ्या कपॅसिटरवर मल्टीमीटरने व्होल्टेज पाहावे, आणि काही उरले असेल तर १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून ते उतरवावे. स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरून ठिणगी पाडण्याची सवय सोडलेली बरी.

नवे भाग आणण्याआधी साफसफाई करावी. मुंबईत आणि कोकणात खाऱ्या, दमट हवेमुळे आरसीए सॉकेट आणि सिलेक्टर स्विच काळे पडतात, आणि एक पावसाळा बंद पडून राहिलेला सेट पुढे कर्रकर्र करू लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा मारून स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवावा, आणि सॉकेटच्या मागचे सोल्डर भिंगाखाली पाहावे. पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली तर ते ड्राय सोल्डर समजावे. जुने सोल्डर पंपाने ओढून नवे भरले की पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

त्यानंतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहावेत. फुगलेले डोके सर्वांना दिसते, पण माझ्या सेटमधला कपॅसिटर वरून अगदी सपाट होता. तो उपसल्यावर खालच्या रबरी बुचाभोवती तपकिरी, चिकट कडे आणि बोर्डवर हिरवट डाग दिसला. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर यांच्या शेजारचे कपॅसिटर उष्णतेने आधी जातात, म्हणून सुरुवात तिथून करावी. मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे अधिक, आणि उष्णतेची मर्यादा १०५ अंशांची घ्यावी. फिल्टरला दुप्पट-तिप्पट क्षमतेचा कपॅसिटर घालण्याचा मोह टाळावा, कारण चालू करताना रेक्टिफायरवर ताण येतो. कपॅसिटरवरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो, परंतु बोर्डवरची खूण प्रत्येक निर्माता आपल्या पद्धतीने करतो, म्हणून काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात हे भाग मिळतात. वर्षानुवर्षे पडून असलेला माल मात्र घेऊ नये.

एका वेळी एकच चॅनेल हाताळावा, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. स्टिरिओ प्रिॲम्पमध्ये तेच सर्किट दोनदा असते, त्यामुळे चांगला चॅनेल हाच बिघडलेल्याचा नकाशा ठरतो आणि सर्किटचा कागद नसला तरी काम अडत नाही. आठ पायांच्या दुहेरी ऑप-ॲम्पमध्ये (संकेत वाढवणारी चिप) पाय ८ आणि ४ वर पुरवठ्याचे धन-ऋण व्होल्टेज, बहुधा १५ व्होल्टच्या आसपास, आणि पाय १ व ७ वर जवळपास शून्य मिळायला हवे. जिथे दोन चॅनेलचे आकडे जुळत नाहीत, तिथे शोध थांबवावा. जुन्या ४५५८ चिपच्या जागी एनई५५३२ बसते आणि खरखर कमी होते, मात्र तिला वीज जास्त लागते, तेव्हा रेग्युलेटर तापत नाही ना हे पाहावे. आरआयएए वक्र ठरवणाऱ्या फिल्म किंवा पॉलिस्टायरिन कपॅसिटरना विनाकारण हात लावू नये. ते सहसा टिकतात, आणि दोन्ही बाजूंची क्षमता १ टक्क्याच्या आत जुळली नाही तर डावा-उजवा सूर वेगळा वाटतो.

ट्रान्सफॉर्मर जळला असेल, बोर्डवरची तांब्याची रेघ उचकटली असेल किंवा जुना ट्रान्झिस्टर मिळतच नसेल, तर नवा प्रिॲम्प घेणे शहाणपणाचे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला १०० किंवा ११७ व्होल्टचा सेट असेल, तर बिघाड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावल्यामुळे झाला नाही ना, हेही तपासावे. नवा घेताना आपल्या कार्ट्रिजचा प्रकार आधी पाहावा. मूव्हिंग मॅग्नेटला सुमारे ४० डेसिबल वाढ आणि ४७ किलोओहम इनपुट लागते, तर मूव्हिंग कॉइलला सुमारे ६० डेसिबल. वाकलेल्या रेकॉर्ड पुष्कळ असतील तर सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे अतिखोल कंप गाळणारा) असलेला घ्यावा, नाहीतर वूफरचा पडदा उगाच आत-बाहेर हलत राहतो. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये प्रिॲम्प आतच असतो, म्हणून बाहेरचा जोडताना मागचा स्विच 'लाइन' वरून 'फोनो' वर आणावा, अन्यथा वक्र दोनदा लागून खर्ज बेसुमार वाढतो.

घरात नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या असतील तर वेगळा विचार करावा. त्या बहुतांश १९५४ च्या आधीच्या आहेत आणि त्यांना आरआयएए वक्र लागू पडत नाही, म्हणून वक्र निवडता येणारा प्रिॲम्प पाहावा. त्यांना सुईही ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे एलपीच्या सुईच्या चौपट जाड टोकाची लागते. एलपीची सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी घासत राहते, आणि तो खरखराट कोणताही प्रिॲम्प काढू शकत नाही.