जुनी गाडी थरथरते? पार्ट बदलायच्या आधी कारण घरच्या घरी शोधा

जुनी गाडी थरथरायला लागली की मुंबईत पहिला सल्ला ठरलेला असतो, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घे. ते करून फरक नाही पडला की दुसरा सल्ला, माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारं रबर, गेलं असेल. मग एक्सल, मग क्लच, आणि एकेक पार्ट बदलत बदलत खिसा रिकामा होतो पण थरथर तशीच. माझं म्हणणं एवढंच आहे की पार्टाचं नाव काढायच्या आधी गाडी नेमकी कधी थरथरते ते पकडा. थरथर गाडीच्या स्पीडबरोबर वाढते, की इंजिनच्या आरपीएमबरोबर, की अ‍ॅक्सिलरेटर दाबून जोर दिला की येते, हे तीन वेगळे करता आले की अर्धं काम झालं आणि त्याला एक पाना पण लागत नाही.

हे का चालतं ते आधी सांगतो. जुन्या वॅगन आरला 145/80 आर13 चा टायर असतो, त्याचा घेर साधारण पावणेदोन मीटर. ताशी 80 ने गाडी पळत असली की चाक सेकंदाला जवळपास साडेबारा फेऱ्या मारतं, आणि पुढच्या चाकाला फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गॅरेजवाले ज्याला एक्सल म्हणतात तो, पण तेवढ्याच फेऱ्या मारतो. इंजिन मात्र त्याच वेळी अडीच-तीन हजार आरपीएमवर असतं, म्हणजे सेकंदाला चाळीस ते पन्नास फेऱ्या. त्यामुळे पळत्या गाडीत टायर, रिम, एक्सल यांची थरथर जाड, हलवून काढणारी असते आणि इंजिनची बारीक, हाताला झिणझिण्या आणणारी. ओम्नी, इको, बोलेरो, क्वालिस या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये खालून जो लांब प्रोपेलर शाफ्ट जातो तो चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर वाढते गाडीच्या स्पीडबरोबर पण जाणवते बारीक, आणि बरेच लोक तिथेच फसतात, त्यांना वाटतं इंजिनच आहे.

आता टेस्ट. मोकळा आणि सपाट रस्ता हवा, तो मुंबईत मिळतो फक्त पहाटे, त्यामुळे रविवारी सकाळी ईस्टर्न फ्रीवे किंवा नवी मुंबईच्या बाजूला असाल तर पाम बीच रोड. स्पीड लिमिटच्या आतच सगळं कळतं, वर जायची काही गरज नाही. सोबत कोणीतरी बसवा आणि त्याला लिहायला सांगा, चालवणाऱ्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही. फ्लायओव्हरच्या जॉइंटवर बसणारे धक्के मोजू नका, आणि काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची घरघर येतेच, ती पण धरू नका, डांबरी पट्टा शोधा.

ज्या स्पीडला थरथर येते तो स्पीड पकडा, समजा 75. पहिलं, मागे कोणी नाही बघून अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि क्लच दाबा, इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वात कमी आरपीएमवर, येईल आणि गाडी नुसती गडगडत जाईल. थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही, चाकं किंवा शाफ्ट बघायचे. झटकन गेली तर इंजिन, माउंटिंग, किंवा एक्सलचा जोर पडल्यावरच बोलणारा आतला जॉइंट. (इंजिन बंद करून बघू नका, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात आणि चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं.) दुसरं, तोच स्पीड पाचव्या गिअरमध्ये आणि मग चौथ्यात. चौथ्यात थरथर बदलली तर ती इंजिनची, अगदी तशीच राहिली तर चाकांची. तिसरं, तोच स्पीड ठेवून एकदा अलगद चालवा आणि एकदा दाबून पिकअप घ्या. फक्त दाबल्यावर गाडी हलत असेल तर ही महत्त्वाची खूण आहे, खाली सांगतो. शेवटी घरी येऊन न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला तेवढाच रेस द्या. उभी असतानाही थरथरली तर चाकांचा विषयच संपला.

स्टिअरिंग हलतंय की सीट हलतेय हे पण लिहून ठेवा. स्टिअरिंग म्हणजे बहुधा पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर म्हणजे मागची. आणि फक्त ब्रेक मारताना हलत असेल, पायाखाली पेडल धडधडत असेल, तर ती बहुधा ब्रेकची डिस्क आहे. याचं एक कारण अगदी साधं असतं, पंक्चरवाल्याने गनने नट कमी-जास्त आवळलेले असतात आणि डिस्क नीट सपाट बसलेली नसते. नट सैल करून समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आवळा, कधी कधी एवढ्यानेच फरक पडतो. डिस्क आधीच वाकडी घासली गेली असेल तर मात्र ती टर्निंगला, म्हणजे लेथवर सपाट करायला, द्यावी लागेल किंवा बदलावी लागेल.

थरथर स्पीडबरोबर येते हे नक्की झालं की चाकांपासून सुरू करा कारण इथे फुकटात बरंच सापडतं. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून दगड होतो, एका बाजूला मूठभर चिखल असेल तरी बॅलन्स गेला. चाक काढून आतून घासून धुवा. बॅलन्सिंगची शिशाची वजनं पडलीत का ते बघा, चिकटवलेलं वजन पडलं असेल तर गोंदाचा डाग राहिलेला दिसतो. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. टायरमध्ये नक्षी भरपूर आहे म्हणून तो चांगला असं नसतं, जुन्या टायरच्या आतले पट्टे सुटतात आणि वरून नुसता एक उंचवटा येतो, तो डोळ्याला दिसत नाही पण चाक हवेत उचलून हळू फिरवलं आणि हात अलगद टेकवला की लागतो. असा टायर बॅलन्सिंग मशिनवर झिरो दाखवतो आणि रस्त्यावर नाचतो. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या झेनला एका गॅरेजने दोन्ही एक्सल बदला म्हणून सांगितलं होतं, आम्ही पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली, थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली आणि विषय तिथेच संपला, एक टायर गेला होता. ही अदलाबदल मी सगळ्यांना करायला सांगतो, एक तास जातो पण उत्तर पक्कं मिळतं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवून पुढे-मागे करा.

स्पीडबरोबर हूं हूं आवाज पण वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. लांब उजव्या वळणावर आवाज वाढला तर बहुधा डावं, डाव्या वळणावर वाढला तर उजवं. चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर खरखर स्प्रिंगमधून हाताला कळते.

आता जोर दिल्यावर येणारी थरथर. 40 ते 80 च्या मध्ये पिकअप घेताना गाडी डावी-उजवी डुलल्यासारखी हलते आणि पाय सोडला की एकदम शांत, हे एक्सलच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं लक्षण आहे. बाहेरचा जॉइंट वेगळा बोलतो, स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू पुढे गेलात की कट-कट-कट. डावीकडे वळताना आवाज येत असेल तर बहुधा उजवा गेलेला असतो. दोन्ही जॉइंटवर रबरी बूट असतो, त्याला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात, आणि खरी गोष्ट त्या घड्यांमध्ये असते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, इंजिन बंद करा, टॉर्च घेऊन चाकाच्या मागे बघा. घडीच्या खाचेत बोट घालून ती उघडा, वरून धड दिसणारा बूट खाचेत चिरलेला असतो. चीर असेल तर काळं चकचकीत ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनच्या आर्मवर गोल रेषेत उडालेलं दिसतं, कारण शाफ्ट फिरताना ते बाहेर फेकतो. ग्रीस उडालंय पण आवाज अजून नाही, अशा वेळी लगेच बूट बदलून नवीन ग्रीस भरून घेतलं तर जॉइंट वाचतो आणि खर्च बराच कमी होतो. मुंबईच्या पावसात तोच फाटका बूट घेऊन साचलेल्या पाण्यातून फिरलात की पाणी आणि रेती आत जाते आणि मग जॉइंटच जातो. म्हणून मे महिन्यात, पावसाच्या आधी, चारही बूट बघायचे, आणि या बाबतीत मी खरंच आग्रह धरतो.

हे घरी बदलू नका असं मी नाही म्हणणार पण एक्सलचा मोठा नट बऱ्याच छोट्या गाड्यांतसुद्धा दीडशे न्यूटन-मीटरच्या वर आवळायचा असतो, कितीतरी गाड्यांत तो दर वेळी नवीन घालायचा असतो, आणि एक्सल ओढला की गिअरबॉक्सचं ऑइल बाहेर येतं, सील पण दुखावू शकतं. टॉर्क रेंच आणि नीट जागा नसेल तर हे काम गॅरेजला द्या, फक्त कुठला जॉइंट ते तुम्ही सांगा.

उभ्या गाडीत, सिग्नलला, एसी लावला की डॅशबोर्ड थरथरतो पण न्यूट्रलमध्ये थोडा रेस दिला की बंद होतं, हे माउंटिंगचं लक्षण. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट, आणि कोणीतरी पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडून परत दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघा, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबायचं नाही. थोडं हलणं ठीक, पण धप्पकन उचललं गेलं आणि रबर धातूपासून सुटलेलं दिसलं तर ते बदला. सुटताना पहिल्या गिअरमध्ये गाडी गचके खात असेल आणि तुम्हाला क्लच सेट बदला सांगितला असेल, तर आधी माउंटिंग बघा, कारण ढिलं माउंटिंग पण तसेच गचके देतं आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी जाते.

माउंटिंग चांगली आहेत तरी आयडलला थरथरते, म्हणजे बहुधा मिसिंग, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्या सीएनजीवर, त्यामुळे पहिली टेस्ट सोपी आहे, पेट्रोलवर टाका. पेट्रोलवर गुळगुळीत आणि सीएनजीवर मिसिंग असेल तर प्लग काढून बघा, सीएनजीला ठिणगी जास्त जोरात लागते त्यामुळे प्लग, वायर किंवा कॉइल थोडी कमजोर झाली की आधी सीएनजीवर कळतं. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमी, आणि तेलकट ओलं म्हणजे ऑइल आत येतंय. वायरिंग नीट बघा, पार्किंगमधले उंदीर सेन्सरच्या वायरी कुरतडतात. सीएनजीच्या पाइपला, रेग्युलेटरला घरी हात लावायचा नाही, ते अधिकृत माणसाकडेच.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, बघा. गाडी समतल जागेवर, चाकांना दगड लावून, इंजिन बंद, शाफ्ट हाताने पिळा आणि वर-खाली ढकला. क्रॉसमध्ये लूज असेल किंवा त्याच्या टोपीपाशी तांबडी गंजाची भुकटी दिसली तर तो गेला. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर पण बघा. आणि कोणी आधी शाफ्ट काढला असेल तर तो खुणा न जुळवता परत लावलाय का विचारा, शाफ्ट काढताना दोन्ही बाजूंना खडूने खूण करायची असते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर एक नियम, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात काहीही घालायचं नाही. गाडीतला जॅक फक्त स्टेपनी बदलायला आहे. जॅक स्टँड विकत घ्या, पेव्हर ब्लॉकवर लावणार असाल तर खाली जाड फळी ठेवा, आणि विटा रचून त्यावर गाडी टेकवू नका, वीट न सांगता फुटते. गिअर ऑइल घरी बदलणार असाल तर आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतोय का बघा आणि मगच खालचा उघडा, नाहीतर ऑइल रिकामं आणि भरायला जागा नाही अशी गाडी उभी राहील. ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच, जीएल-4 सांगितलंय तिथे उगाच जीएल-5 नको, त्यातली काही ऑइलं जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

पार्ट घ्यायला ऑपेरा हाऊसला जात असाल तर गाडीचं मॉडेल, वर्ष, चेसिस नंबर आणि जुना पार्ट सोबत न्या, एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार एक्सलचे दात बदललेले असतात. सेकंडहँड माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतो, पण माउंटिंग आणि बूट सेकंडहँड घेऊ नका, रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. नवीन पार्ट बसला की त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, त्याच तीन टेस्ट परत करा आणि आधीच्या कागदाशी जुळवा, आणि चाकं काढली असतील तर शंभर किलोमीटरच्या आत नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्या.