ग्वाल्हेरच्या थंडीत कुंड्यांतील नाजूक झाडांची निगा

तुळशीचे लग्न लागले की ग्वाल्हेर परिसरातील बागप्रेमींनी आणि लहान रोपवाटिका चालवणाऱ्यांनी कुंड्यांच्या जागा बदलण्यास सुरुवात करावी. येथे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत रात्रीचा पारा अनेकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि क्रोटन, डिफेनबेकिया, सिंगोनियम, कोलियस, नागवेल अशा उष्ण प्रदेशातील झाडांना १० अंशांखालीच इजा होऊ लागते. वाफ्यातील मुळांना जमिनीची ऊब मिळते. कुंडीतील माती मात्र चहूबाजूंनी गार होते, म्हणून वाफ्यात तगणारे झाडही कुंडीत मान टाकते.

दाट धुके पडले की लोक घाबरतात, परंतु पाल्याचा (म्हणजे दव गोठवणाऱ्या कडाक्याच्या थंडीचा) खरा धोका असतो तो मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, होऊन आकाश निवळल्यानंतरच्या रात्री. ढग किंवा धुके असेपर्यंत जमिनीची उष्णता काही प्रमाणात अडून राहते; आकाश निरभ्र झाले, उत्तरेकडची गार हवा आली आणि रात्री वारा पडला, की ती भराभर निघून जाते. हवामानवृत्तात किमान तापमान ४ अंश वा त्याहून कमी सांगितले असेल, तर जमिनीलगत ते शून्यावर जाऊ शकते, हे ध्यानात ठेवून त्या संध्याकाळी झाडे झाकावीत.

झाकण्यासाठी जुने सुती लुगडे किंवा गोणपाट उत्तम. कुंड्या दक्षिणाभिमुख भिंतीलगत, शक्य तर पडवीत, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, भोवती चार काठ्या रोवाव्यात आणि कापड पानांना न टेकता थेट फरशीपर्यंत सोडावे, कारण ऊब खालून वर येते. तुळशीच्या खोडाभोवती हौसेने शाल गुंडाळतात. ती शोभते खरी, पण उघड्या राहिलेल्या शेंड्यांना तिचा उपयोग नाही. प्लॅस्टिक पानांना चिकटले तर तेवढा भाग सकाळी काळवंडलेला दिसतो. ऊन आले की आच्छादन काढावे. दगडी फरशीवरील कुंड्यांखाली लाकडी फळी किंवा विटा ठेवाव्यात, आणि लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत कोरडा पाचोळा भरावा.

आमच्या मते हिवाळ्यात थंडीपेक्षा जास्त झाडे पाण्याने मरतात. वाढ मंदावल्याने मुळे पाणी कमी शोषतात, माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे कुजतात. पाने मात्र सुकल्यासारखी दिसल्यामुळे घरचे लोक आणखी पाणी घालतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, आणि तिथवर कोरडे लागले तरच सकाळी, ऊन चढल्यावर पाणी द्यावे. पाल्याचा अंदाज असेल तेव्हा माती अगदी कोरडी ठेवू नये, कारण किंचित ओलसर माती दिवसाची उष्णता अधिक साठवते. पाने गळलेल्या अडेनियमला मात्र पाणी जवळजवळ बंदच करावे. नत्रयुक्त खते फेब्रुवारीपर्यंत देऊ नयेत, कारण त्यांनी फुटणारी कोवळी पालवी पाल्यात सर्वप्रथम करपते.

जास्वंद, कढीपत्ता किंवा सोनचाफा करपला तरी लगेच छाटू नये. वाळलेले शेंडे खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा देतात. फेब्रुवारीअखेर साल नखाने हलकेच खरवडावी, आणि जिथे आत हिरवे दिसेल त्याच्या किंचित वर छाटणी करावी. घरात ठेवलेली झाडे त्यानंतर आठवडाभर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवून मगच गच्चीवर न्यावीत.