घंटागाडी बंद पडण्याआधी: कचऱ्याच्या ठेक्याचा करार कसा तपासावा

चार दिवस घंटागाडी फिरकली नाही की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळा राग कामगारांवर निघतो. ठेकेदार कोण, हे मात्र कुणाला माहीत नसतं. माझ्या पाहण्यातले ठेका-कामगारांचे संप एका रात्रीत उभे राहिले नाहीत. पगार थकायला लागल्यापासून ते शिजत होते. तेवढ्या काळात पालिकेला करारातून बरंच काही करता येतं. ती करते का, हे आपल्यालाही पाहता येतं.

आधी करारनामा मिळवा. निविदेची कागदपत्रं बहुधा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या निविदांच्या संकेतस्थळावर सापडतात. नाहीतर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘ठेक्याची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. करारनामा, गेल्या सहा महिन्यांची देयकं, सोबतची पगारपत्रकं आणि ठेकेदाराला लावलेला दंड, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून हे काम गाड्या सुरळीत चालू असतानाच उरकायचं.

कागद हातात आले की थेट पगाराच्या अटीवर जा. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे इथे पालिकेने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, असं १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही ते कायम आहे. त्यामुळे ‘हा ठेकेदार आणि त्याच्या माणसांमधला प्रश्न आहे’ हे अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर ऐकून परत फिरू नका. मागच्या महिन्याचा पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय बिल निघणार नाही, अशी अट करारात आहे का? असेल तर पुरावा न बघता बिलावर सही कुणी केली?

पीएफची तपासणी तर घरबसल्या होते. ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्यात किती कामगारांचा पीएफ भरला ते दिसतं. हा आकडा पगारपत्रकाशेजारी ठेवून बघा. मात्र ठेकेदाराची इतरही कामं चालू असतील तर त्याचा एकूण आकडा फसवा ठरू शकतो.

आता सगळ्यात निसरडी जागा: ‘अपरिहार्य परिस्थिती’चं कलम. भूकंप, पूर, दंगल यांच्या यादीत ‘संप’ हा शब्द हळूच बसवलेला असतो. मग पगार थकवणारा ठेकेदारच संपाकडे बोट दाखवून दंड टाळतो. हवा तो भेद असा: शहरभर बंद असेल तर सवलत, पण स्वतःच्या थकबाकीमुळे झालेल्या संपाला नाही. शेजारीच ‘ठेकेदाराच्या खर्चाने व जोखमीवर’ पर्यायी व्यवस्था करण्याची अट आहे का आणि गाड्या कोणाच्या मालकीच्या आहेत, हेही बघून ठेवा. गाड्या ठेकेदाराच्या आवारात कुलूपबंद असतील तर पालिकेचे चालक तरी काय चालवणार?

संपाची नोटीस लागली की निदान १४ दिवस हाताशी असतात. प्रभाग कार्यालयाला लेखी विचारा: थकबाकी किती, ती बिलातून भागवणार कधी, कामगार आयुक्त कार्यालयातली बैठक कोणत्या तारखेला? ‘मेस्मा लावा’, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा कायदा वापरा, ही आरोळी याच सुमाराला उठते. तिने कामगार घाबरेल कदाचित, पण त्याच्या खात्यात पगार पडणार नाही. तोवर घरात ओला-सुका वेगळा ठेवा. सुका कचरा आठवडाभर थांबतो, वास ओल्याचाच सुटतो.

ठेकेदार बदलून प्रश्न मिटतो, असं धरून चालू नका. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठेका हा निव्वळ देखावा आहे, कामगार खरे पालिकेचेच आहेत, हे औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध केलं. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. शिवाय नवा ठेकेदार येतो तेव्हा जुनी माणसं घरी बसतात आणि पुढचं भांडण तिथेच सुरू होतं. म्हणून नवी निविदा निघण्याआधी आयुक्तांना आणि आपल्या नगरसेवकाला लेखी मागणी द्या: जुन्या कामगारांना सामावून घेण्याची अट निविदेतच हवी आणि मागच्या ठेकेदाराची अनामत रक्कम सगळी थकबाकी फिटेपर्यंत परत करू नये.