चेट बेकरचं एकच गाणं चार वेळा कसं ऐकायचं

'माय फनी व्हॅलेंटाइन' हे गाणं अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक चेट बेकरने जन्मभर वाजवलं. त्याची रेकॉर्डिंग इतकी आहेत की सगळी ऐकत बसलात तर वैतागाल, म्हणून चारच घ्या: १९५२ चं सॅक्सोफोनवाल्या जेरी मलिगनच्या क्वार्टेटबरोबरचं (चौघांचा बँड), १९५४ चं गायलेलं, १९८७ चं टोकियोचं आणि १९८८ चं हॅनोव्हरचं. ह्याच क्रमाने, शफल बंद करून.

पण आधी चाल पाठ करा, गुणगुणता आली पाहिजे. रॉजर्स (संगीत) आणि हार्ट (शब्द) ह्यांचं १९३७ च्या म्युझिकलमधलं गाणं आहे, ३६ बारचं (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट), पहिले तीन भाग आठ-आठचे आणि शेवटचा बाराचा, त्यामुळे आता संपलं वाटतं तिथे अजून चार बार उरलेले असतात. सुरुवात मायनर (उदास वाटणारी सुरावट), शेवट मेजर (उजळ वाटणारी).

१९५२ च्यात पियानोच नाहीये! म्हणून बेसकडे (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) कान लावा, तो सुरुवातीला एकेक पायरी खाली उतरतो आणि वर चाल मात्र दोन-तीन सुरांतच घुटमळत राहते, सगळी उदासी तिथून येते. १९५४ च्यात आवाज ऐका, कंप जवळजवळ नाहीच, ट्रम्पेट वाजवतो तसाच सरळ गातो. काहींना हा आवाज फिका वाटतो, मला नाही वाटत.

मग थेट १९८७ वर उडी. मध्ये १९६६ ला मारहाणीत त्याच्या तोंडाला इजा झाली, पुढे कवळी आली, आणि ट्रम्पेटचा सूर ओठ-दातांच्या दाबावरच उभा असतो त्यामुळे त्याला वाजवणं परत पहिल्यापासून शिकायला लागलं. टोकियोचं खूप लांब आहे, घाई करू नका, तो सोलो घेत असताना (म्हणजे मनाने चाल रचत एकटा वाजवत असताना) तुम्ही मनात मूळ चाल चालू ठेवा, म्हणजे कुठे सोडतो, कुठे परत धरतो आणि कुठे नुसताच गप्प बसतो ते आपोआप कळतं. एवढं एक जमलं तरी बाकी नाही केलंत तरी चालेल.

हॅनोव्हरचं २८ एप्रिलचं, ऑर्केस्ट्रासकट, आणि १३ मे रोजी तो अॅम्स्टरडॅममध्ये वारला. हे माहीत असलं की प्रत्येक सुरात मरण ऐकू यायला लागतं, म्हणून त्याच्या नशेच्या वगैरे गोष्टी नंतर वाचा, आधी वाजवणं ऐका.

चारही झाले की दुसरा जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, त्याचं १९६४ चं लाइव्ह लावा. गाणं तेच, वाद्य तेच, पण चाल इतकी मोडून ठेवलीय की ओळखायलाच वेळ लागतो.