लोझानला येणाऱ्या नागपूरकरांनो, आधी रेडिओचं बिल भरा

मागच्या महिन्यात त्रिमूर्तीनगरचं एक जोडपं इथे स्वित्झर्लंडमध्ये आलं. पोरीने बॅगेतून सीताबर्डीवर घेतलेला छोटा रेडिओ काढला, एरियल ताणली आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नुसती खरखर, मधूनच फ्रेंच. तिचा चेहरा पाहून मला माझे पहिले दिवस आठवले.

तो रेडिओ नागपुरातच राहू द्या. इथलं इंग्रजी स्टेशन म्हणजे वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड, २००७ साली सुरू झालेलं. ते डॅब प्लसवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर लागतं. सार्वजनिक प्रसारण संस्थेने तर आपलं एफएम ३१ डिसेंबर २०२४ लाच बंद केलं. तेव्हा डॅब प्लसचा संच इथेच घ्या, नाहीतर मोबाइलवर ऐका.

पण ऐकाच. या देशात वर्षातून तीन-चारदा जनतेचा कौल मागतात. कशावर मतदान चाललंय हे इंग्रजीत समजलं की ऑफिसात जेवताना तुम्ही मुके बसत नाही. हवामानही ऐका. मे महिन्यात ऊन तापणार हे नागपुरात कोणी विचारत नाही, इथे मात्र ‘बीझ’ येणार का ते विचारावं लागतं. हा ईशान्येचा थंड वारा कान कापून नेतो.

आता बिलाचं. हे दोनदा वाचा. घरात टीव्ही नसो, रेडिओ नसो, जवळपास प्रत्येक घराला वर्षाला ३३५ फ्रँक रेडिओ-टीव्ही शुल्क लागतं. आल्यावर १४ दिवसांत कम्युनमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायचं असतं. तिथूनच नाव जातं आणि हे शुल्क गोळा करणाऱ्या सेराफे कंपनीचं बिल घरी येतं. मी ‘आपल्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून पाकीट बाजूला ठेवलं. एका जुन्या मराठी ओळखीच्याने सांगितलं, ‘राहू दे, काही होत नाही.’ आपल्यातल्या अशा जाणकारांचं ऐकू नका. फ्रेंचमधली स्मरणपत्रं मी उघडलीच नाहीत. शेवटी वसुलीची नोटीस हातात पडली. पैसे त्याच आठवड्यात भरले, पण नोंद राहिली. इथे भाड्याचं घर मागताना ‘पूर्सुइत’चा, म्हणजे तुमच्यावर वसुली नाही याचा, दाखला जोडावा लागतो. माझा दाखला कोरा नव्हता. अकरा घरांनी नकार दिला, आणि बायको सात महिन्यांची गरोदर असताना आम्ही एका खोलीत राहत होतो.

तिघं मिळून राहत असाल तर बिल एकच, जबाबदारी मात्र तिघांचीही.

आरोग्य विम्याला तीन महिन्यांची मुदत आहे, पण हप्ता पहिल्या दिवसापासूनच लागतो. थांबून काही वाचत नाही.

सहा महिन्यांनी मात्र इंग्रजी स्टेशन कमी करा आणि फ्रेंच लावा. दहा-दहा वर्षं राहून पाव मागायला बोट दाखवणारी आपली माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आणि पत्रपेटीवर नवरा-बायको दोघांचीही आडनावं लावा. नाव नसलं तर पाकीट परत जातं, आणि ‘बिल आलंच नाही’ हे इथे कोणी ऐकून घेत नाही.