नवरात्र ते संक्रांत: आधी रात्री म्हशीचा माज बघा, सुईचं मग बघू

बडोद्याच्या आसपास पादरा, डभोई, करजण, वाघोडिया, सावली या पट्ट्यात ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत, त्यांचे वर्षातले मोलाचे दिवस सुरू झालेत. नवरात्रीपासून संक्रांतीपर्यंत म्हैस उघड माज दाखवते, म्हणजे गाभण राहायला तयार असल्याच्या खुणा देते. फेब्रुवारीनंतर ऊन चढेल तसा माज मुका होत जातो, आणि होळीला जी रिकामी राहिली ती बहुतेक पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामीच. म्हणून बाकीची कामं मागेपुढे झाली तरी चालतील, हे एक काम आजच्या रात्रीपासून धरा. झोपण्याआधी एकदा आणि पहाटे झाडलोट करण्याआधी एकदा बॅटरी घेऊन गोठ्यात जा आणि प्रत्येक जनावराच्या मागे दोन-तीन मिनिटं उभं राहून बघा.

मी ज्या गोठ्यांत जातो तिथे एकच तक्रार ऐकू येते: "म्हैस माजावरच येत नाही, एखादं इंजेक्शन द्या." विचारतो, रात्री कोण बघतं? उत्तर नसतं. संध्याकाळी दूध मंडळीत (सहकारी डेअरीत) घालून आलं की गोठ्याचा दिवा बंद, तो थेट पहाटेच्या धारेला लागतो. म्हशीचा माज बहुतेक संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळात दिसतो. दिवसा ती रवंथ करत शांत बसलेली असते. ज्या वेळी ती सांगते त्या वेळी ऐकायला कोणी नसतं, आणि दिवसा बघून आपण म्हणतो की जनावरात खोट आहे. या एका हलगर्जीनं चांगल्या दुभत्या म्हशींचं अख्खं वेत मागे गेलेलं मी पाहत आलो आहे.

त्यात पहाटेच्या झाडूची भर. रात्री म्हैस बसली की निरणातून (योनीमुखातून) काचेसारखा स्वच्छ सोट, म्हणजे चिकट स्राव, गळतो. गाईसारखी लांब तार लोंबेलच असं नाही, पुष्कळदा बसल्या जागी ओला डाग आणि शेपटीच्या केसांना चिकटलेला थर एवढंच उरतं. पहाटे उठल्या उठल्या शेण काढून पाणी मारलं की तो पुरावाही गेला. शेण काढणाऱ्याला सांगून ठेवा, आधी मागची जमीन बघायची, मग फावडं. बऱ्याच घरांत हे काम बायका करतात आणि त्यांना जनावर जास्त कळतं. निर्णय मात्र जो गोठ्यात क्वचित जातो तो घेतो. घरातल्या वहिनींनी "ही काल रात्री ओरडत होती" असं सांगितलं तर ते लिहून ठेवा, उडवून लावू नका.

आता कपाशीची वेचणी तोंडावर आहे, तुरीतही कामं आहेत, माणसं थकतात हे खरं. नवरात्रीत तर अर्धं बडोदं रात्री बारा-एकपर्यंत जागं असतं. गरब्याहून परत आलात की घरात शिरण्याआधी गोठ्यात एक चक्कर टाका. माज बघायला त्याहून चांगली वेळ नाही.

काय बघायचं ते सांगतो. निरण सुजून ओलसर, आतून लालसर. थोडं थोडं मूत्र वारंवार टाकणं. शेपटी किंचित वर धरणं, कान टवकारून इकडेतिकडे बघणं, रेकणं. गव्हाणीत वैरण शिल्लक. एकमेकींवर चढणं गाईत जसं दिसतं तसं म्हशीत फार कमी दिसतं, त्याची वाट बघत बसू नका. मंडळीची पावतीही वाचत जा. कारण नसताना एका वेळचं दूध अर्धा-एक लिटर घसरलं आणि ताप नाही, सडाला सूज नाही, तर त्या रात्री त्या म्हशीकडे दोनदा जा. सड ताठ भरून येणं हीसुद्धा जुन्या लोकांची खूण आहे आणि ती मला बरोबर आढळली आहे. आणखी एक माझा अंदाज: पावसाळ्यानंतरच्या पहिल्या गार रात्री, अंगावर गोधडी ओढावीशी वाटते तेव्हा, एका गोठ्यात दोन-तीन म्हशी लागोपाठ माजावर येतात. याला माझ्याकडे कागदी पुरावा नाही, पण त्या रात्री मी लोकांना मुद्दाम फोन करतो.

थंडीकडेच म्हैस का झुकते, याचं कारण तिच्या डोक्यात आहे. दिवस लहान होऊ लागले की अंधाराचे तास वाढतात, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) जास्त वेळ पाझरतं आणि शरीराला प्रजननाचा इशारा मिळतो. उन्हाळ्यात उलटं होतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक चढलेलं राहतं आणि अंडाशयाचं काम मंदावतं. म्हशीचा हा स्वभाव इतका पक्का आहे की इटलीत मोझरेला चीजसाठी वसंतात आणि उन्हाळ्यात दूध हवं म्हणून काही म्हैसपालक शरद ऋतूत रेडे कळपातून बाजूला काढतात, म्हणजे वेताचा हंगाम सरकतो. आपल्याला असं उलटं पोहायची गरज नाही. मही आणि साबरमतीच्या मधल्या मुलखातली आपली सुरती म्हैस या दिवसांत आपणहून तयार असते.

माज दिसला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेला गोल करा, शेजारी म्हशीचं नाव लिहा. तिथून २१ दिवस मोजा आणि १९ ते २३ या दिवसांवर पेन्सिलीनं रेघ ओढा. त्या रात्री डोळ्यांत तेल घालून बघायच्या. माज साधारण १२ ते २४ तास टिकतो आणि बीज सुटतं ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही थोडं उशिरा. त्यामुळे संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन, पहाटे दिसला तर त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशीही माज चालूच असेल तर बारा तासांनी पुन्हा एकदा भरवा. व्यायल्यानंतरचे पहिले ६० दिवस गर्भाशय सावरायला द्या, पण माजाच्या तारखा त्या काळातल्याही लिहा. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा. व्यायल्यापासून १०० दिवसांच्या आत ती गाभण राहिली तर साडेतेरा महिन्यांत पुढचं वेत मिळतं. एक माज हुकला की २१ दिवसांची वैरण आणि दाण फुकट गेलं. तुमच्या गोठ्याचा रोजचा खर्च तुम्हाला ठाऊक आहे, गुणून बघा.

गाई बाळगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: शेपटीला रक्ताचा डाग दिसला तर माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेला. तेव्हा घाईनं भरवू नका, तारीख लिहा आणि अठराव्या दिवसापासून पहारा ठेवा.

आता सुईबद्दल. दुकानात "माजाचं इंजेक्शन" म्हणून जे मिळतं ते बहुतेक प्रोस्टाग्लँडिन असतं. ते काय करतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे बुडतात ते कळेल. अंडाशयावर पुटिका, म्हणजे बीज असलेला फोड, वाढते, ती इस्ट्रोजेन सोडते आणि त्यामुळे माजाची लक्षणं दिसतात. इस्ट्रोजेन शिखरावर गेलं की मेंदूकडून एलएच या संप्रेरकाची लाट येते आणि बीज सुटतं. बीज सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि जनावर शांत राहतं. गर्भ नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवतं आणि नवा माज येतो. बाटलीतलं औषध नेमकं तेवढंच करतं. म्हणजे अंडाशयावर साधारण पाच दिवसांहून जुना, तयार पीतपिंड असेल तरच त्याचा उपयोग. अंडाशय थंड, म्हणजे काम बंद, असलेल्या म्हशीला दिलं तर काहीच होत नाही. आणि म्हैस गाभण असेल तर तोच पीतपिंड गर्भ धरून ठेवत असतो, तो विरघळला की गर्भपात. "माजावर येत नाही" म्हणून तपासणी न करता सुई मारली आणि चार-पाच दिवसांत वासरू पडलं, असं या तालुक्यांत घडलेलं मी पाहिलं आहे. म्हैस माजावर येत नव्हती कारण कुरणात शेजारच्या रेड्यानं ती कधीच फळवली होती.

दुसरं औषध जीएनआरएच, म्हणजे एलएच सोडायला लावणारं संप्रेरक. हे संप्रेरक मेंदूतून शोधून काढण्यासाठी शॅली आणि गिलेमिन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांनी डुकरं आणि मेंढ्यांच्या लाखो मेंदूंवर काम केलं, १९७७ साली त्यांना नोबेल मिळालं.  मायक्रोग्रॅममध्ये मोजायची ही औषधं आहेत. ती काउंटरवरून अंदाजानं घेऊन टोचायची नसतात.

दुकानदार तुम्हाला आधी माजाच्या गोळ्या, मग फॉस्फरसची इंजेक्शनं, मग कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन आणि शेवटी हार्मोन असा जिना चढवतो. हा सगळा खर्च करणाऱ्या गोठ्यात साधं खनिज मिश्रण नसतं, हे मला वारंवार दिसतं. ज्यादा दूध देणारी म्हैस व्यायल्यावर जेवढं खाते त्याहून जास्त दुधातून घालवते. तिचं इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही खाण्याशी जोडलेली संप्रेरकं घसरतात, मेंदू ओळखतो की शरीरात साठा नाही, आणि एलएचचे ठोके मंद करतो. अशा वेळी बाटली उघडून काय होणार? पाठीचा कणा आणि बरगड्या हातानं चाचपून बघा. हाडं टोचत असतील तर पैसा दाणात घाला. शरीरपोषणाला दीड किलो आणि दर दोन लिटर दुधाला एक किलो दाण, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, ३० ग्रॅम मीठ. व्यायच्या आधीच्या दोन महिन्यांतही हात आखडू नका, पुढच्या माजाची तयारी तिथेच होते.

ऑक्टोबरचं ऊन हलकं समजू नका. काळी कातडी आणि कमी घामग्रंथी असलेल्या म्हशीला दुपारी डुंबायला नाही मिळालं तर रात्रीचा माज फिका पडतो. दुपारी बारा ते चारमध्ये दोनदा अंगावर पाणी, किंवा तळ्यात तासभर.

या हंगामाची नेहमीची कामं:
– लाळ्या-खुरकुताची लस
– शेणाची तपासणी करून जंतनाशक
– ४ ते ८ महिन्यांच्या वगारी आणि कालवडींना ब्रुसेला लस, एकदाच
– लसूणघास आणि ओटची पेरणी
– गोठ्याची डागडुजी, गोचीड नियंत्रण
– भरवलेल्या जनावरांची ६० दिवसांनी गाभण तपासणी

हे सगळं केलं, रात्री दोनदा बघितलं, तीन पाळ्या म्हणजे दोन महिने नोंद ठेवली, आणि तरी माज दिसला नाही, तर हार्मोनची वेळ आली. त्यासाठी पशुवैद्याला बोलवा आणि आधी हात घालून तपासायला लावा: गाभण आहे का, पीतपिंड आहे का, गर्भाशयात पू आहे का. पीतपिंड असेल तर क्लोप्रोस्टेनॉल (प्रोस्टाग्लँडिनचंच औषध) ५०० मायक्रोग्रॅम स्नायूत, आणि पुढच्या दोन ते पाच रात्री कडक पहारा. माज ओळखण्याचीच अडचण असेल तर १९९५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेली ओव्हसिंक पद्धत आहे: पहिल्या दिवशी बुसेरेलिन (जीएनआरएचच्या जातीचं औषध) १० मायक्रोग्रॅम, त्यानंतर सात दिवसांनी क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा बुसेरेलिन १० मायक्रोग्रॅम आणि १६ ते २० तासांनी ठरल्या वेळी रेतन. अंडाशय अगदी थंड असेल तर प्रोजेस्टेरॉनचं साधन सात दिवस योनीत ठेवून मग पुढचं. हे मात्र आत्ता, थंडीत. मे महिन्यात हीच पद्धत करून निकाल आला नाही की औषधाला दोष देतात.

प्रोस्टाग्लँडिन कातडीतून शोषलं जातं. गरोदर बाईनं किंवा दम्याच्या माणसानं त्या कुपीला हात लावायचा नाही. सुई देताना जनावर धरायला घरातली गरोदर सून उभी करू नका. सांडलं तर लगेच साबणानं धुवा आणि रिकाम्या कुपीशी मुलांना खेळू देऊ नका.

पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणाऱ्यांनाही सांगतो. ते दूध वाढवत नाही, कासेत असलेलं खाली उतरवतं, आणि तेच संप्रेरक म्हशीच्या डोक्यातून फुकट मिळतं. कास धुऊन मिनिटभर चोळली की पान्हा सुटतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात धार पुरी करा. घाबरलेल्या म्हशीत अॅड्रेनलिन तो अडवतं, म्हणून धारेच्या वेळी आरडाओरडा आणि काठी नको. रोजच्या सुईची सवय लागली की तिच्याशिवाय पान्हा येत नाही. शिवाय जनावराला अपाय करून दूध वाढवण्यासाठी काहीही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, त्यात दंड, कैद आणि जनावर सरकारजमा होणं इथपर्यंत तरतूद आहे.

ज्या म्हशीला व्यायल्याला तीन महिने होऊन गेले आणि कालनिर्णयावर तिच्या नावाचा एकही गोल नाही, तिला या आठवड्यात तपासून घ्या. दत्तजयंतीनंतर नेलंत तर उपचाराला आणि दुसऱ्या माजाला पुरेसे थंड दिवस हातात राहत नाहीत.